घरातलं शॉर्ट सर्किट शोधायचं कसं: लाइन बंद ठेवून, एकेक तुकडा वगळत

एमसीबी, म्हणजे शॉर्ट किंवा जास्त भार झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा खटका, वर केला की टक् आवाज करून लगेच खाली पडतो. दुसऱ्यांदा केला, तेच. तिसऱ्या वेळी माणूस तो बोटाने दाबून वर धरायला बघतो. इथे थांबा. खटका तुम्ही वर धरून ठेवलात तरी आतली यंत्रणा आपली आपण सुटते, त्यामुळे उपयोग काहीच नाही. उलट प्रत्येक वेळी लाइन दिली की भिंतीत कुठेतरी दोषाच्या जागी क्षणभर ठिणगी पडते आणि तिथलं प्लॅस्टिक आणखी जळतं. एकच वायर बदलून जे काम भागलं असतं, त्यासाठी मग अख्ख्या पाइपातल्या वायरी ओढून काढाव्या लागतात.

म्हणून पुढची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: शॉर्टचा शोध बंद लाइनवर घ्यायचा. अख्ख्या शोधात लाइन मोजक्याच वेळा द्यायची, आणि तीही सगळे बोर्ड झाकलेले, कुणाचाही हात कुठे नाही अशा वेळी. उरलेलं काम मल्टिमीटरचं, म्हणजे व्होल्ट आणि रेझिस्टन्स मोजणाऱ्या हातातल्या मीटरचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरातल्या पक्क्या वायरिंगचं काम परवानाधारक वायरमननेच करावं, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. तो पाळा. यातला पहिला भाग, म्हणजे प्लग काढून दोष उपकरणात आहे की वायरिंगमध्ये हे ठरवणं, कुणालाही जमतं. बोर्ड उघडण्याचा भाग मात्र ज्याला फेज (करंट आणणारी), न्यूट्रल (करंट परत नेणारी) आणि अर्थिंग (जमिनीत जोडलेली) या तिन्ही वायरी खात्रीने ओळखता येतात त्यानेच करावा. ज्याला येत नाहीत त्याने तो समजून घ्यावा, म्हणजे आलेला वायरमन काय करतोय हे कळेल आणि त्याला नेमकी माहिती देता येईल.

पडलं काय, आणि कसं पडलं

"शॉर्ट झालंय" असं आपण तीन वेगवेगळ्या दोषांना म्हणतो. तिघांचा शोध वेगळा, म्हणून डीबीचं, म्हणजे सगळे खटके बसवलेल्या पेटीचं, झाकण न काढता, नुसते खटके बघून सुरुवात करा.

एमसीबी वर करताक्षणी पडला तर बहुतेक खरा शॉर्ट. फेज वायर न्यूट्रलला किंवा अर्थिंगला थेट चिकटली आहे, मधे उपकरण असं काही नाही. अशा वेळी करंटला अडवायला फक्त वायरींचा रेझिस्टन्स उरतो. लाइन २३० व्होल्टची आणि जाऊन-येऊन सगळ्या वाटेचा रेझिस्टन्स अर्धा ओहम धरला तर करंट होतो ४६० अँपिअर. १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीतली चुंबकी यंत्रणा ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ सुटते, त्यामुळे तो डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतो.

दहा-पंधरा मिनिटं, अर्धा तास चालून मग पडतो, तो शॉर्ट नाही. तो ओव्हरलोड. एमसीबीत दुसरी एक दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकते आणि खटका सोडते. त्याच १६ अँपिअरच्या एमसीबीतून २३ अँपिअरच्या आसपास करंट जात राहिला तर तो तासाभरात पडायलाच हवा. इथे भिंत फोडायची नसते. एका लाइनवरची गीझर-इस्त्रीसारखी दोन जड उपकरणं एकत्र चालवणं थांबवायचं. भार कमी करूनही पडत असेल तर बहुधा एमसीबीचा स्क्रू ढिला असतो. ढिला जोड स्वतःच तापतो आणि ती उष्णता पट्टीपर्यंत पोचते.

तिसरा प्रकार, एमसीबी जागेवर आणि आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका, मात्र खाली. आरसीसीबी फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तुलना करतो. घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. एवढा फरक पडला की तो सुटतो. म्हणजे करंट कुठेतरी अर्थिंगला गळतोय. नवख्याला सगळ्यात जास्त चकवणारा दोष याच प्रकारात असतो: न्यूट्रल वायर अर्थिंगला चिकटलेली. तुम्ही एकेक एमसीबी पाडून बघता, सगळे पाडले तरी आरसीसीबी कधी पडतो, कधी नाही, आणि काही उमगत नाही. कारण साधा एकपदरी एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. ज्या खोलीचा एमसीबी तुम्ही पाडलाय, तिथली चिकटलेली न्यूट्रल दुसऱ्या खोलीचा परतीचा करंट अर्थिंगकडे वळवत असते. आरसीसीबीचं असं कोडं पडलं की एमसीबी खालीवर करण्यात वेळ घालवू नका, थेट पुढच्या मल्टिमीटरच्या भागाकडे या.

जुन्या किटकॅट फ्यूजच्या घरात खूण फ्यूजवरच मिळते. तार मधोमध वितळून तुटलेली आणि चिनीमाती स्वच्छ असेल तर बहुधा ओव्हरलोड. तार जवळजवळ नाहीशी झालेली, चिनीमातीवर काळा धूर आणि धातूचे बारीक ठिपके उडालेले असतील तर शॉर्ट. दोष सापडेपर्यंत नवी तार घालू नका. जाड तार तर कधीच नको. जाड तार घातली की वितळण्याचं काम भिंतीतल्या वायरीकडे जातं.

बोर्ड न उघडता होणारं काम

ज्या लाइनचा एमसीबी पडलाय त्या लाइनवरचं सगळं बंद करा. बंद करा म्हणजे नुसते स्विच नव्हेत, प्लग उपसून काढा. स्विच एकच वायर तोडतो, दुसरी उपकरणाला चिकटलेलीच राहते. शिवाय स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असेल तर "बंद" उपकरणातही फेज असते. फ्रिजच्या मागचा, टीव्हीच्या मागचा, वॉशिंग मशीनचा, मोबाइलच्या चार्जरचा, असे सगळे प्लग. कपाटामागे गेलेला एखादा हमखास विसरतो. दिवे-पंख्यांचे स्विच बंद ठेवा.

आता एमसीबी एकदाच वर करा. शरीर बाजूला ठेवून, चेहरा डीबीसमोर नको.

टिकला, तर दोष उपकरणात किंवा एखाद्या स्विचच्या पुढच्या वायरीत आहे. एमसीबी पुन्हा पाडा. आता प्रत्येक उपकरणाची वायर, प्लग आणि बूड नजरेखालून घाला: प्लगची पिन काळी पडलीय का, वायर मुळाशी चिरलीय का, इस्त्रीची सुती वेष्टणाची वायर वळणावर फाटलीय का. संशयित तिथेच सापडला तर तो बाजूला ठेवा. बाकीची एकेक करून जोडा: एमसीबी बंद असताना प्लग लावायचा, उपकरणाचा स्विच चालू करायचा, मग एमसीबी वर. उलट क्रमाने केलं, तर शॉर्ट झालेलं उपकरण हातात असताना ठिणगी उडते. ज्याने एमसीबी पडला ते उपकरण दुरुस्तीला. गीझरसारखं पाण्याचं आणि धातूच्या अंगाचं उपकरण असेल तर "थोडा वेळ चाललं तर चालेल" हा विचारही नको.

सगळे प्लग बाहेर आणि सगळे स्विच बंद असूनही पडला, तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या बोर्डाच्या मागे आहे. इथून पुढे मेन बंद.

लाइन खरंच बंद आहे, हे सिद्ध करणं

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण जीव इथे वाचतो किंवा जातो.

दोष एका खोलीचा असला तरी मेन स्विच अख्ख्या घराचा बंद करा. घरात बदल होत गेलेले असतात. कुणीतरी या खोलीच्या दिव्याला त्या खोलीची न्यूट्रल दिलेली असते. फक्त एक एमसीबी पाडून काम सुरू केलं तर अशी उसनी न्यूट्रल हात लावताच शॉक देते. आणि मेन बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरी आणि त्या जिथे मेन स्विचला शिरतात ते स्क्रू चालूच असतात. त्यांना कोणताही घरगुती स्विच बंद करू शकत नाही. त्या बाजूला हात नाही, स्क्रूड्रायव्हर नाही, टॉर्च टेकवणंही नाही.

मग इन्व्हर्टर. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो बॅटरीवरून निम्म्या घराला २३० व्होल्ट द्यायला लागतो. त्याचा नुसता प्लग काढला तरी तेच. उलट नुसतं पुढचं बटण बंद केलं तर अनेक इन्व्हर्टर भिंतीतली लाइन तशीच पुढे सोडतात. म्हणून दोन्ही करा: आधी पुढचं बटण बंद, मग प्लग बाहेर. छतावर सौर पॅनल किंवा घराला जोडलेलं जनरेटर असेल तर त्यांचे स्वतंत्र स्विचही बंद.

मेनवर कुलूप लावता येत असेल तर लावा. नसेल तर खटक्यावर चिकटपट्टी मारून "काम चालू, वर करू नये" असं लिहा आणि घरातल्या प्रत्येकाला तोंडी सांगा. अंधार झाला म्हणून आतून येऊन मेन वर करणारा माणूस घरचाच असतो.

आता तपासणी. निऑनच्या पेनटेस्टरवर विसंबू नका. तो पेटला नाही याचा अर्थ लाइन बंद असाच नसतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं असताना तो चालू वायरीवरही मंद पेटतो आणि उजेडात दिसत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, २३० पेक्षा वरच्या रेंजला ठेवा. मेन पाडण्याआधी एका चालू सॉकेटवर मीटर आकडा दाखवतो हे बघा. मेन पाडल्यावर कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही जोड्या मोजा. मग पुन्हा एखाद्या माहीत असलेल्या चालू स्रोतावर मीटर तपासा. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात. मधेच मीटरची बॅटरी संपली किंवा प्रोबची वायर तुटली, तर मेलेला मीटर चालू लाइनवरही शून्यच दाखवतो. मेन बंद असताना चालू स्रोत कुठून आणायचा, तर प्लगमधून सोडवलेला इन्व्हर्टर घराच्या वायरिंगपासून पूर्ण सुटा असेल तर त्याचा आउटपुट, नाहीतर शेजाऱ्यांच्या घरातलं सॉकेट.

मीटर चांगला घ्या. त्यावर आणि त्याच्या प्रोबवर कॅट थ्री (हा मीटरचा सुरक्षिततेचा दर्जा), ६०० व्होल्ट असं लिहिलेलं असावं. पायात रबरी चपला, ओली फरशी असेल तर आधी कोरडी करा, हातातलं घड्याळ-अंगठी काढून ठेवा.

मल्टिमीटरने दोष कोंडीत पकडणं

डीबीचं झाकण काढण्याआधी आतला फोटो काढून ठेवा. बिघडलेल्या लाइनची फेज वायर एमसीबीच्या बाहेर जाणाऱ्या बाजूच्या स्क्रूतून काढा, तिची न्यूट्रल न्यूट्रल लिंकवरून (सगळ्या न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरून) आणि अर्थ वायर अर्थ पट्टीवरून. तिघींवर चिकटपट्टीने खूण करा. कोणती न्यूट्रल कोणत्या लाइनची याचा अंदाज नका बांधू. जिथे खूण नसते तिथे सगळ्या न्यूट्रल एकेक सोडवून प्रत्येकीचा अर्थ पट्टीशी रेझिस्टन्स बघा. न्यूट्रल-अर्थवाला आरसीसीबीचा चकवा इथेच सुटतो, कारण चिकटलेली न्यूट्रल शून्याच्या जवळ आकडा देते आणि बाकीच्या देत नाहीत.

मीटर ओहमवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, ०.२ किंवा ०.३ असं काही दिसेल. तो प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्स, पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. आता तीन जोड्या मोजा आणि लिहून ठेवा. दीड-दोन ओहमच्या आत आलेली जोडी चिकटलेली. 'ओएल' (म्हणजे मीटरच्या मापापलीकडचा रेझिस्टन्स) दिसलं तर ती जोडी मोकळी. हजारांत आकडा आला तर ओल किंवा लाइनवर राहिलेलं एखादं इलेक्ट्रॉनिक उपकरण.

नुसत्या बीप आवाजावर निर्णय घेऊ नका. २००० वॅटच्या गीझरचं एलिमेंट सुमारे २६ ओहमचं असतं, आणि बरेच मीटर एवढ्यावरही वाजतात. गीझर भिंतीत थेट जोडलेला असेल आणि तो सोडवायचा राहिला असेल तर धडधाकट लाइन तुम्हाला शॉर्ट वाटेल. १००० वॅटची इस्त्री ५३ ओहम. खरा शॉर्ट या आकड्यांच्या कितीतरी खाली असतो, म्हणून आकडा वाचा.

कोणती जोडी चिकटलीय यावरून जागेचा अंदाज येतो. फेज-न्यूट्रल असेल तर बहुतेक बोर्डाच्या मागे दाबलेली वायर, वितळलेलं सॉकेट किंवा दिव्याचं होल्डर. फेज-अर्थ असेल तर लोखंडी बॉक्सच्या कडेला कापलेली वायर, बाहेरच्या धातूच्या दिव्यात शिरलेलं पाणी, पंख्याच्या कपातली घासलेली वायर.

आता दिव्यांच्या लाइनची एक सोपी युक्ती, जी बंद लाइनवरच चालते. सगळे बल्ब काढा. मीटरचे प्रोब डीबीमध्ये फेज आणि न्यूट्रल वायरीला क्लिपने लावून ठेवा. सगळे स्विच बंद असताना 'ओएल' येत असेल तर दुसऱ्या माणसाला एकेक स्विच चालू करायला सांगा. ज्या स्विचला आकडा एकदम शून्याकडे कोसळला, त्या पॉइंटचं होल्डर किंवा स्विचपासून तिथवरची वायर बिघडलेली. पंख्याचा स्विच चालू केल्यावर शेकडो ओहम दिसतील, ती वाइंडिंग आहे, दोष नाही. एलईडी दिवा काढायचा राहिला असेल तर आकडा सरकत वर चढतो. जिन्यातला टू-वे स्विच असेल तर दोन्ही टोकांच्या सगळ्या स्थिती करून बघा, नाहीतर तो पॉइंट निसटतो.

स्विच बंद असतानाच शून्य येत असेल तर दोष मुख्य वाटेवर आहे, आणि तिथे मधोमध तोडायची पद्धत लागते. समजा त्या लाइनवर आठ बोर्ड आहेत आणि फेज-न्यूट्रल एका बोर्डातून दुसऱ्यात लूप होत गेलीय. पहिल्या बोर्डापासून एकेक उघडत बसू नका. चौथ्या बोर्डावर जा, फोटो काढा, पुढे जाणाऱ्या वायरी सोडवा, टोकं एकमेकांपासून लांब ठेवा. दोन्हीकडे मोजा: मागची बाजू डीबीकडची, पुढची बाजू उरलेल्या बोर्डांची. एकीकडे 'ओएल' येईल, दुसरीकडे शून्य. शून्याच्या बाजूच्या मधोमध पुन्हा तेच. तीन वेळा तोडलं की आठातला एक तुकडा हाती राहतो. दोन्हीकडे शून्य आलं तर दोन दोष आहेत. पाणी मुरलेल्या भिंतीत असं होतं, घाबरू नका, दोन्ही बाजूंना वेगवेगळी तीच पद्धत.

कधी बोर्ड उघडताच काम होतं. म्हणून प्रत्येक बोर्ड सोडवताना आधी नाक आणि डोळे वापरा: जळक्या प्लॅस्टिकचा वास, काजळी, वितळून चपटा झालेला थेंब, उंदराचे दात, स्क्रूखाली गेलेली न सोललेली वायर. आणि आठवा, अलीकडे भिंतीत काय झालं? तसबिरीचा खिळा, पडद्याच्या दांडीचं ड्रिल, नव्या एसीचं छिद्र. खिळ्याने वायरीचं वेष्टण नुसतं ओरखडलं असेल तर शॉर्ट त्याच दिवशी न होता पहिल्या पावसाच्या ओलीला होतो, त्यामुळे "गेल्या महिन्यात ठोकलाय, त्याचा काय संबंध" असं म्हणून तो वगळू नका. बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेतले खिळे आधी तपासा; वायरीचे पाइप सहसा त्याच रेषांत असतात.

दोष कोणत्या टोकाला जवळ आहे याचाही अंदाज येतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला सुमारे ०.०१२ ओहम. दहा मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, जवळजवळ पाव ओहम. तुकड्याच्या एका टोकाला ०.५ आणि दुसऱ्याला ०.२ आलं, तर दोष दुसऱ्या टोकाकडे. साध्या मीटरवर हे मोजमाप मीटर-फुटांत बांधता येत नाही, पण भिंत कुठून उकरायची हे ठरायला पुरतं.

मीटर म्हणतो ठीक, एमसीबी म्हणतो नाही

असंही होतं. मीटर काही व्होल्टवर मोजतो. चिरलेलं वेष्टण तेवढ्याला दाद देत नाही, पण २३० व्होल्टला तिथून ठिणगी उडी मारते. त्याला मेगर लागतो, जो ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन तपासतो. अशा लाइनचं इन्सुलेशन निदान १ मेगाओहम यायला हवं. मेगर नवख्याचं हत्यार नाही. लाइनवर राहिलेले एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याने जळतात, आणि वायरीत साठलेला विद्युतभार हाताला झटका देतो.

जुने वायरमन सिरीज बल्ब लावून शोधतात: फ्यूजच्या जागी १०० वॅटचा तारेचा बल्ब, शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण पेटतो, दोष सुटला की मंदावतो. करंट अर्ध्या अँपिअरच्या आत राहतो हे खरं, पण लाइन चालू असते. अर्थिंग तुटलेलं असेल तर चिकटलेला लोखंडी बॉक्स चालू फेज बनून बसतो. अनुभवी हाताची पद्धत ती, शिकताना करू नका.

वायरमनला कधी बोलवायचं याबाबत माझं मत ठाम आहे: भिंत गरम लागते किंवा धूर येतो तेव्हा, बोर्डात पाणी गेलंय तेव्हा, नळाला किंवा उपकरणाच्या अंगाला झिणझिण्या येतात तेव्हा, आणि एकदा मधोमध तोडूनही आकडे पटत नाहीत तेव्हा. घराचा विजेचा मीटर आणि त्याआधीचं सगळं वीज कंपनीचं. तिथे वायरमननेही त्यांना न कळवता हात लावायचा नसतो.

दुरुस्ती आणि लाइन परत देणं

बिघडलेला तुकडा सापडला की एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंतची वायर अख्खी बदलायची. पाइपाच्या आत जोड नको, आणि जळलेल्या जागी टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. आजूबाजूचं वेष्टण उष्णतेने कडक झालेलं असतं, ते वाकवताच फुटतं. नवी वायर त्याच जाडीची. सॉकेट वितळलं असेल तर वायरीचं टोक लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, तेवढी लांबी उरत नसेल तर वायर बदला.

सगळे लूप परत जोडून झाल्यावर डीबीत जोडण्याआधी तिन्ही जोड्या पुन्हा मोजा. प्लग आणि बल्ब बाहेर असताना तिन्हींवर 'ओएल' यायला हवं. मग तिन्ही वायरी फोटो बघून जागेवर, स्क्रू घट्ट, प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. सगळी झाकणं लावा. बोर्डांजवळ कुणी नाही याची खात्री करून मेन, मग आरसीसीबी, मग त्या लाइनचा एमसीबी. टिकला की आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, पुन्हा वर करा. इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी. मग बल्ब, मग उपकरणं, एकेक.

दोन दिवस रोजचा भार चालू द्या आणि संध्याकाळी त्या बोर्डाच्या प्लेटला हाताची पाठ लावा. आजूबाजूच्या भिंतीपेक्षा ती कोमट लागली तर मेन बंद करून आतला स्क्रू पुन्हा तपासा.